सूफी श्वासध्यानाने रोजच्या कामात एकाग्रता वाढते का? सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बसलं की छान वाटतं, पण ऑफिसात पोचेपर्यंत सगळं उडून जातं. माझंही हेच होत होतं.

मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात, एका मेडिकलच्या काउंटरवर असते. चार वर्षांपूर्वी एका आजोबांना रक्तदाबाची अडीच मिलिग्रॅमची गोळी द्यायची, ती मी पाचची दिली. एकीकडे फोनवर ऑर्डर घेत होते ना! त्यांच्या सूनबाई अर्ध्या तासात स्ट्रिप परत घेऊन आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसती स्ट्रिप काउंटरवर ठेवली आणि उभ्या राहिल्या.

आमच्याकडे इन्सुलिन न्यायला एक चाचा यायचे. गर्दीत कोणी मध्ये घुसलं तरी स्टुलावर शांत बसलेले. एकदा विचारलं तर म्हणाले, ‘पास-ए-अनफास’. म्हणजे श्वासांची राखण. श्वास सोडताना मनात ‘ला इलाहा’ (कोणी देव नाही), घेताना ‘इल्लल्लाह’ (अल्लाहशिवाय), जीभ न हलवता. चिश्ती या सूफी परंपरेतल्या लोकांत हे चालत आलंय. नक्शबंदी, म्हणजे दुसऱ्या एका सूफी परंपरेतले, याच अंगाने ‘होश दर दम’ म्हणतात, एकही श्वास बेसावध जाऊ द्यायचा नाही.

मी मात्र ‘सोऽहम्’च धरलं, आजीने शिकवलेलं. ही माझी खिचडी आहे असं कोणी म्हणेल, पण इथल्याच मुहम्मद गौस या सूफी संतांनी सोळाव्या शतकात ‘अमृतकुंड’ हा योगाचा ग्रंथ ‘बहर-उल-हयात’ नावाने फारसीत आणला होता. ग्वाल्हेरातच हजिरा भागात त्यांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनाची समाधी आहे. तानसेन समारोह या संगीत महोत्सवाच्या सकाळी तिथे ढोलीबुवा या कीर्तनकारांची हरिकथा होते आणि मीलाद, म्हणजे पैगंबरांचं गुणगानही. तेव्हा ग्वाल्हेरकराला यात नवल वाटू नये.

आता काउंटरवर मी काय करते ते सांगते. चिठ्ठी हातात आली की श्वास सावकाश सोडते आणि तो पुरता संपेपर्यंत ड्रॉवरला हात लावत नाही. तेवढ्यात औषधाचं नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा बोट ठेवून वाचते. चार-पाच सेकंद जातात, गिऱ्हाइकाला कळतही नाही.

पहिला आठवडा तर पार फुकट गेला. दिवसभर आठवायचंच नाही, आठवण व्हायची शटर ओढताना. मग मी ते बिलाच्या प्रिंटरला बांधलं. प्रिंटर कर्रकन वाजला की बघायचं, श्वास आत चाललाय की बाहेर. बस, एवढंच. शंभर बिलांत सुरुवातीला पाच-सहा वेळा आठवायचं, आता निम्म्याहून जास्त वेळा आठवतं. मन भटकणं थांबलेलं नाही, भटकल्याचं लवकर कळतं. माझ्या मते एकाग्रता वाढते ती इथे, लांबलचक बैठकीत नव्हे.

घरी जाताना नक्शबंदींचंच ‘नजर बर कदम’, म्हणजे नजर आपल्या पावलांवर, मोबाइल पर्समध्ये. आमच्या बाड्यावरच्या, म्हणजे लष्करातल्या मुख्य चौकातल्या, गाई आणि ई-रिक्षा बघता हे तसंही शहाणपणाचंच.

श्वास रोखून धरायचा प्रकार, हब्स-ए-दम, व्हिडिओ बघून करू नका. तो पीराच्या देखरेखीखाली करायचा असतो. मी हौसेने एकदा करून पाहिला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. दमा किंवा रक्तदाब असेल तर त्या वाटेला जाऊच नका. आणि रात्री एकपर्यंत मोबाइल बघून सकाळी श्वास मोजत बसलात तर फक्त डुलकी लागेल.

सकाळी पाच मिनिटं पुरे. बाकी तुमच्या ऑफिसात दिवसभर वाजणारी एखादी गोष्ट शोधा. लिफ्टची घंटी चालेल, मेसेजची टिंग नको, ती ऐकली की हात आपसूक फोनकडेच जातो.