साध्या शिलाई मशीनवर गोधडी शिवताना चुण्या का पडतात?

दोन सुती साड्या, मध्ये जुनी चादर. रेघ संपता संपता वरची साडी दोन बोटं जास्त उरते, उलट्या बाजूला चुण्या, आणि मशीन बदलावं का, असं तुम्ही विचारलंय. मशीन बदलू नका. सुईखालच्या पट्टीतले दाते फक्त तळाच्या कापडाला मागे ओढतात; वरच्या कापडाला फूट, म्हणजे सुईजवळचा धातूचा पाय, दाबून अडवतं. दर टाक्याला वरचं कापड केसभर मागे राहतं आणि साठ इंचांच्या रेघेत त्याची दोन बोटं होतात. तीन थरांत हे होणारच. ते थांबतं मशीनवर बसण्याआधी केलेल्या कामाने.

तळाचं कापड वरच्यापेक्षा चारी बाजूंनी 3 इंच मोठं घ्या. उलटी बाजू वर करून फरशीवर पसरा आणि कडा मास्किंग टेपने चिकटवा. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणलं तर टेप काढल्यावर ते आखडतं, उलट्या बाजूच्या चुण्या बहुतेक वेळा इथेच तयार होतात. त्यावर चादर, मग वरची साडी, प्रत्येक थर मधून कडेकडे हात फिरवत सारखा करा. आता मधोमधपासून सेफ्टी पिना लावत बाहेर या, दर 4 इंचांवर एक. गोधडीवर कुठेही मूठ ठेवली तरी एखादी पिन हाताला लागली पाहिजे. टाचण्या नकोत, गोधडी गुंडाळली की निसटतात आणि टोचतात. पिना कमी असतील तर लांब लांब धावदोरा घाला, तो पिनांपेक्षाही चांगला धरतो, फक्त वेळ खातो. सिंथेटिक साडी शिकताना घेऊच नका, फार सरकते.

सुई नवी, 14 नंबरची. थर जाड असतील तर 16. टाका 3 मिलिमीटर, म्हणजे इंचाला साधारण 8. मशीनच्या डोक्यावर फूटचा दाब कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, तो दोन आटे सैल करा. वॉकिंग फूट मिळालं तर जरूर घ्या. त्याला स्वतःचे दाते असतात, त्यामुळे वरचं कापडही तळाच्या बरोबरीने सरकतं. मात्र जुन्या काळ्या मशीनचे दाते अरुंद असतात, त्यांच्यावर ते नीट बसतं का हे लावून बघूनच विकत घ्या.

हाताने गोधडी घालताना बऱ्याच जणी कडेने सुरू करून आत येतात. मशीनवर तसं करू नका, सरकलेलं कापड मध्ये कोंडतं. पहिली रेघ मधोमध घाला, मग तिच्या एका बाजूला कडेपर्यंत, मग दुसऱ्या बाजूला. सगळ्या रेघा एकाच दिशेने. एक वरून खाली, दुसरी खालून वर अशा शिवल्या की थर तिरके ओढले जातात.

उजवीकडचा भाग घट्ट गुंडाळून मशीनच्या हाताखाली, म्हणजे सुई आणि उजवीकडचा खांब यांच्या मधल्या जागेत, घ्या. तिथे जागा जेमतेम 7 इंच असते, म्हणून पहिल्यांदा 36 बाय 36 इंचांचं बाळाचं दुपटं करा असं मी सुचवेन. डावीकडे आणि मागे टेबल हवं. गोधडी खाली लोंबकळली की तिचं वजन कापड अडवतं आणि टाके बारीक, वेडेवाकडे पडतात. हातांनी फक्त दिशा द्या, ओढू नका, सुई मोडते.

उलट्या बाजूला दोऱ्याचा गुंता होत असेल तर बहुधा बॉबीनचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाचा, दोष नसतो. फूट खाली असताना दोरा ओवला तर तो टेन्शनच्या, म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसत नाही. फूट वर उचलून पुन्हा ओवा, बॉबीनचा दोरा वर काढून घ्या आणि सुरुवातीचे तीन-चार टाके पडेपर्यंत दोन्ही टोकं धरून ठेवा. तरीही बॉबीनचा दोरा सुलट बाजूला ठिपक्यांसारखा दिसत असेल, तर वरचं टेन्शन थोडं सैल करा.