वाचकांचे प्रश्न: घोडदळातला कॅप्टन कादंबरीकार कसा झाला?

प्रश्न: रद्दीच्या दुकानात 'द कर्नल्स डॉटर' नावाची जुनी इंग्रजी कादंबरी मिळाली, लेखक कॅप्टन चार्ल्स किंग. हा माणूस खरंच फौजेत होता, की नुसतं नावापुढे कॅप्टन लावलंय? – एक वाचक, पुणे

खरंच होता, आणि नुसता होता असं नाही, आख्खं आयुष्यच फौजेत गेलं त्याचं. जन्म १८४४ चा, वाढला विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत. वडील रूफस किंग तिथल्या 'सेंटिनेल' पेपरचे संपादक आणि पुढे अमेरिकन यादवी युद्धात जनरल, म्हणजे शाई आणि बंदूक दोन्ही घरातच होत्या. १८६६ ला वेस्ट पॉइंट या अमेरिकेच्या लष्करी अकादमीतून पास झाला, आधी तोफखान्यात आणि १८७१ पासून पाचव्या घोडदळात. तिथून पुढचं सगळं त्याच्या पुस्तकांत उतरलंय.

१ नोव्हेंबर १८७४, ॲरिझोनातली सनसेट पास नावाची खिंड. किंग लेफ्टनंट होता, अपाचे या तिथल्या मूळ जमातीच्या मागावर खडकाळ टेकाड चढून वर गेला आणि गोळी हातात घुसली. बर्नार्ड टेलर नावाच्या सार्जंटने त्याला गोळीबारातून उचलून खाली आणलं, त्याबद्दल टेलरला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. किंग वाचला पण जखम काही धड भरेना. तरी त्याच हातानिशी तो सू नावाच्या मूळ रहिवाशांविरुद्धची १८७६ ची सगळी मोहीम हिंडला, शेवटी १८७९ मध्ये त्या जखमेपायीच रिटायर व्हावं लागलं, कॅप्टनचा हुद्दा त्याच वर्षी मिळाला होता. तेरा वर्षं नोकरी करून कॅप्टन! तेव्हा रेजिमेंटमध्ये वरची जागा रिकामी झाल्याशिवाय प्रमोशन नाही अशी पद्धत होती आणि हा खोळंबा, हे वाट बघणं त्याच्या कादंबऱ्यांत ठिकठिकाणी दिसतं.

तुम्हाला मिळालेली कादंबरी १८८३ ची. त्यानंतर साठच्या आसपास पुस्तकं लिहिली त्याने. जखमी हाताने एवढं लिहिणार कसं, तर एडिसनचा फोनोग्राफ आणला, मेणाच्या नळकांड्यावर कादंबरी बोलून काढायची आणि मग ती कुणीतरी टाइप करायची. मला हे फार भारी वाटतं, कारण त्याची वाक्यं वाचताना खरंच कुणीतरी बोलतंय असं वाटत राहतं. आणि रिटायर होऊनही गडी थांबला नाही, विस्कॉन्सिनच्या नॅशनल गार्डला, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेला, ट्रेनिंग दिलं, १८९८ मध्ये ब्रिगेडियर जनरल होऊन फिलिपिन्सला लढायला गेला. १९३३ मध्ये वारला.

प्रश्न: अशा पुस्तकांत तिथले मूळ रहिवासी कायम व्हिलन असतात. मग ती आज वाचायची कशाला? – एक वाचक, नाशिक

तुमचा आक्षेप बरोबर आहे आणि मी किंगची बाजू घेणार नाही. त्याच्या कादंबऱ्यांत सू किंवा अपाचे माणूस क्वचितच माणूस म्हणून येतो, बहुतेक वेळा तो टेकडीमागचा धोका असतो, बस. १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहाने ब्लॅक हिल्सचे डोंगर लाकोटा लोकांना (सूंचीच एक शाखा) दिलेले, १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि तह गुंडाळला गेला, १८७६ चं युद्ध त्यातून पेटलं. हे डोक्यात ठेवूनच त्याला वाचायला हवं.

पण एक पुस्तक मात्र वाचाच, 'कॅम्पेनिंग विथ क्रूक'. ही कादंबरी नाही, १८७६ च्या मोहिमेच्या आठवणी आहेत, आधी त्याच मिलवॉकीच्या पेपरसाठी लिहिलेल्या. २५ जूनला लिटल बिगहॉर्न नदीकाठी घोडदळाचा गाजलेला अधिकारी कस्टर लाकोटांशी लढताना मारला गेला होता, आणि जनरल क्रूकची फौज सप्टेंबरमध्ये पावसाचिखलातून दक्षिणेकडे ब्लॅक हिल्सच्या दिशेने निघाली तेव्हा शिधा संपत आलेला. थकून बसलेले घोडे गोळी घालून मारायचे आणि तेच भाजून खायचे. आता विचार करा, घोडदळातला शिपाई, महिन्याला तेरा डॉलर पगार, ज्या घोड्याला रोज खरारा केला, ज्याच्या पाठीवर शेकडो मैल तुडवले, संध्याकाळी त्याचंच मांस काठीला लावून शेकोटीवर धरायचं. हे तिथे स्वतः उपाशी चाललेल्या माणसाने लिहिलंय, घरी बसून रंगवलेलं नाही.

त्याच वाटेवर ९ सप्टेंबरला स्लिम ब्यूट्स इथे लाकोटांच्या छोट्या वस्तीवर पहाटे हल्ला झाला. वस्तीतल्या बायका-पोरं एका घळीत लपली होती, त्यांच्यावरही गोळ्या झाडल्या गेल्या. अमेरिकन हॉर्स नावाचा त्यांचा प्रमुख पोटात गोळी लागलेली असताना आतडी हाताने धरून शरण आला आणि त्याच रात्री गेला. उपाशी फौजेला तिथे वाळवलेलं मांस मिळालं, म्हणजे एका वस्तीच्या हिवाळ्याची बेगमी. त्यामुळे किंगसोबत लाकोटांच्या घरच्या आठवणीही शोधून वाचा, नाहीतर ती घळ तुम्हाला एकाच बाजूने दिसेल.

आणि हो, फौजेचा वाटाड्या आणि स्टेजवरचा स्टार बफेलो बिल, त्याचा तो 'कस्टरसाठी पहिला स्काल्प' (स्काल्प म्हणजे मारलेल्या शत्रूच्या डोक्याची केसांसकट कातडी) वाला गाजलेला प्रसंग, १७ जुलै १८७६, वॉरबॉनेट क्रीक, नेब्रास्का, तिथेही किंग टेकडीवर टेहळणीला हजर होता. बिलने पुढे ती चकमक स्टेजवर किती फुगवली! किंगच्या आठवणींत ती एका सकाळच्या कामासारखी येते, पहाटेचं थांबणं, दबून बसणं, मग अचानक धावाधाव.

प्रश्न: माझे सासरे सुभेदार म्हणून रिटायर झाले, बरीच वर्षं बॉर्डरवर होते. त्यांना कादंबरी लिहायचीय पण म्हणतात 'मला काय भाषा येते?' घरात सगळे हसतात. काय सांगू त्यांना? – एक वाचक, सातारा

ताई, आधी हसणाऱ्यांना गप्प करा. मग सासऱ्यांना वरचं किंगबद्दलचं पहिलं उत्तर वाचून दाखवा. किंगच्या कादंबऱ्यांतली प्रेमप्रकरणं, ते गैरसमज आणि हरवलेली पत्रं आज खरंच कंटाळवाणी होतात, मी पानंच्या पानं उलटली. टिकलंय काय, तर छावणीचं रोजचं जगणं. कुठल्या बिगुलाला काय करायचं, कोणाच्या बायकोला कुठलं क्वार्टर मिळालं आणि त्यावरून कोण कोणावर रुसलं, टपाल उशिरा आलं की मेसमध्ये सगळे कसे गप्प व्हायचे. हे बाहेरच्या लेखकाला सुचत नाही हो, कितीही अभ्यास केला तरी.

भाषेचं म्हणाल तर ते फोनवर जसे पोरांना किस्से सांगतात तीच भाषा. लिहायला बसवू नका, मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून समोर ठेवा, रोज अर्धा तास, टाइप तुम्ही करा किंवा नातवंडांना कामाला लावा. ज्या जागा आणि गोष्टी अजून उघड सांगता येत नाहीत त्या त्यांना स्वतःला बरोबर कळतात, तिथे गावाचं नाव, चौकीचं नाव बदला, कादंबरीत ती मुभा असतेच. आणि पहिल्या दिवशी फायरिंगचं काही विचारू नका. लंगरमध्ये पहाटे काय शिजायचं आणि चहा चौकीपर्यंत पोचेपर्यंत किती गार व्हायचा, तिथून सुरू करा.