आईच्या घोट्याजवळची काळी कातडी: थांबू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई परभणीत खानावळ चालवतात, वय ५४, डाव्या पायाच्या शिरा आठ-दहा वर्षांपासून फुगलेल्या (व्हेरिकोज व्हेन्स), आणि आता घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट पडून खाज सुटायली आहे. एक डॉक्टर लेसर म्हणतात, दुसरे नुसते दाबाचे घट्ट मोजे घाला म्हणतात, मामा जळवा लावा म्हणायलेत. मी डॉक्टर नाही. एसटीत २९ वर्षं कंडक्टर होतो, बीड-पुणे गाडीवर बरीच नोकरी उभ्यानं झाली, आणि दोन्ही पायांवर उपचार झालेत.

तुमच्या प्रश्नात मला शिरांपेक्षा ती काळी कातडी जास्त खटकली. माझंही तिथूनच सुरू झालं होतं. मी खाजेचं मलम लावत बसलो. एकदा खाजवताना खपली निघाली आणि रुपयाएवढी जखम झाली. ती अकरा महिने भरली नाही. ज्या दवाखान्यात ड्रेसिंगला जायचो तिथं साखर तपासली, ती नॉर्मल निघाली, अँटिबायोटिक बदलून बदलून दिली. पण अकरा महिन्यांत एकदाही कुणी मला पँट वर करून उभं राहा म्हटलं नाही. टेबलावर झोपलं की फुगलेली शीर बसून जाते, दिसतच नाही. याचा राग मला अजून आहे, म्हणून एवढं लांब लिहितोय.

दुखणं नेमकं कुठंय ते आधी समजून घ्या. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीच्या जोरावर, आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की पाइपातलं पाणी परत विहिरीत जातं, तसंच इथं होतं. बहुतेकांची जांघेतली झडप गळते आणि रक्ताचा सगळा भार घोट्यावर येऊन पडतो. रक्तातलं लोह कातडीत झिरपतं, म्हणून ती काळी पडते. पोटरीवर दिसणाऱ्या गाठाळ शिरा म्हणजे खालचं टोक. वरची गळती तशीच ठेवून नुसत्या त्या काढल्या तर पुन्हा येतात.

म्हणून पहिलं काम, पायांची डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरेतलं रक्त कुठं वाहतंय ते दाखवणारी. आणि ती उभं करून झाली पाहिजे, हे आधीच विचारून घ्या. माझ्या वेळी मला स्टुलावर उभं केलं, जांघेत जेल लावलं आणि डॉक्टरांनी पोटरी दाबली. स्क्रीनवर रक्त निळं होऊन वर गेलं. पोटरी सोडली, आणि तेच रक्त लाल होऊन खाली यायला लागलं, थांबेचना. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ असं उलटं वाहिलं तर झडप गेली असं धरतात. याच तपासणीत आतली खोल शीर मोकळी आहे की गुठळी आहे तेही कळतं. त्याशिवाय कुणी लेसरची तारीख देत असेल तर उठून या.

झडप गेलेली निघाली तर लेसर सांगणारे डॉक्टर बरोबर आहेत. पोटरीजवळ सुईएवढ्या छिद्रातून तार शिरेत घालून जांघेपर्यंत नेतात आणि मागं ओढत शिरेला आतून भाजून बंद करतात. आरएफए नावाच्या दुसऱ्या पद्धतीत हेच काम रेडिओलहरींच्या उष्णतेनं होतं, १२० अंशांवर, एका टप्प्याला २० सेकंद. लेसर की आरएफए यावर डोकं शिणवू नका, निकाल जवळपास सारखेच. करणारा हात रोजचा आहे का, ते बघा. त्रासाचा भाग म्हणजे शिरेभोवती भुलीचं गार पाणी भरतात त्या सुया. ते संपलं की मी तासाभरात चालत होतो. पोटरीच्या आतल्या बाजूला बधिरपणा काही महिने राहिला, मग गेला. क्वचित आतल्या शिरेत गुठळी होऊ शकते, म्हणून नंतर झोपून राहायचं नाही, चालायचं.

घरी सगळे विचारतील, शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? बहुतेक रक्त आतल्या खोल शिरांतूनच जातं. हृदयाच्या बायपासला पायातली हीच शीर काढून वापरतात, त्यावरून ओळखा.

गोंद घालून बंद करायची पद्धतही आहे. तिला सुया कमी लागतात, पण ती महाग आहे आणि काहींना गोंदाची अ‍ॅलर्जी येते. फेसाचं इंजेक्शन बारीक, वाकड्यातिकड्या शिरांना चांगलं, मोठ्या शिरेत पुन्हा करावं लागण्याची शक्यता जास्त. शीर ओढून काढायचं जुनं ऑपरेशनही वाईट नाही, बरं व्हायला वेळ जास्त लागतो इतकंच. पैशाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीला दाखवा, आणि सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, आधीच विचारा.

मोज्यांनी सूज आणि जडपणा कमी होतो, झडप दुरुस्त होत नाही. शिवाय आपल्याकडं मे महिन्यात चुलीपुढं मांडीपर्यंतचा घट्ट मोजा घालून भाकरी थापायच्या, हे किती दिवस निभेल? घालायचे झाले तर सकाळी खाटेवरून पाय खाली टाकायच्या आधी, पायाला प्लास्टिकची पिशवी लावून वर सरकवायचे. त्याआधी डॉक्टरांकडून पावलाची नाडी तपासून घ्या, विशेषतः शुगर असेल तर. धमनीतच रक्त कमी असेल तर घट्ट मोजा पाय बिघडवतो.

मामांना वाईट वाटू देऊ नका, पण जळवा नकोत. मीही लावून घेतल्या होत्या. चार दिवस हलकं वाटलं, बाकी काही नाही, झडप होती तशीच. आणि काळ्या पडलेल्या कातडीला चावा म्हणजे नवी जखम.

जखम व्हायची वाट तर मुळीच बघू नका. झाली असेल तरी ‘आधी जखम भरू द्या, मग शिरेचं बघू’ हा सल्ला मानू नका. इंग्लंडमध्ये ४५० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. शीर लवकर बंद केलेल्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली, थांबलेल्यांची ८२ दिवसांत. दोघांनाही दाबाच्या पट्ट्या बांधल्याच होत्या.

तोवर आईंना एका जागी तासन्‌तास उभं राहू देऊ नका. कणीक मळणं, भाजी निवडणं बसून करू द्या, मध्ये टाचा वरखाली करायला सांगा, रात्री पायाखाली दोन उशा. एक पाय अचानक सुजला, पोटरी ठणकायला लागली किंवा दम लागला तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

आणि घोट्याजवळची पातळ शीर कधी अंघोळीत फुटली तर रक्त पिचकारीसारखं उडतं, माणूस घाबरून उभाच राहतो. तसं करू नका. लगेच आडवं झोपवा, पाय भिंतीला लावून उंच करा, स्वच्छ फडक्यानं नेमकं त्या जागी दहा-पंधरा मिनिटं न उचलता दाबून धरा. वर दोरी किंवा रुमाल आवळू नका, त्यानं रक्त जास्त येतं. थांबल्यावर पट्टी बांधून दवाखाना गाठा. हे आईंना आणि खानावळीत हाताखाली असलेल्या बायांनाही आजच सांगून ठेवा.