तबकडीवर नाव नसलेलं जुनं मनगटी घड्याळ किती सालचं, हे कसं ओळखायचं?

तुम्ही दिलेलं वर्णन असं: चांदीची केस (घड्याळाची बाहेरची डबी), पट्ट्यासाठी तारेच्या दोन पक्क्या कड्या, कोरी तबकडी, आकड्यांवर तपकिरी पडलेला जाड रंग. मागच्या झाकणाच्या आत ०.९३५, एक सहा आकडी नंबर, काही बारीक शिक्के आणि हाताने ओरखडलेलं ३/२७.

माझा अंदाज १९१४ ते १९२५. नेमकं सालही मिळू शकेल, पण सहा आकडी नंबरातून नाही. मीही एकदा असाच नंबर एका कंपनीच्या यादीत शोधला, साल सापडलं म्हणून महिनाभर मिरवलं, आणि मग कळलं की तो केस बनवणाऱ्याचा नंबर होता. केस एकाची, मशीन दुसऱ्याचं, तबकडी तिसऱ्याची, असा त्या काळच्या स्विस घड्याळांचा सर्रास मामला. यादी उपयोगी पडते ती नंबर मशीनवर असेल आणि कंपनी माहीत असेल तेव्हा. एल्जिन किंवा वॉल्थम या अमेरिकन कंपन्यांचं असतं तर काम पाच मिनिटांचं होतं.

तुमची खरी चावी ते बारीक शिक्के. ०.९३५ म्हणजे हजारात ९३५ भाग चांदी. ब्रिटनची स्टर्लिंग चांदी ९२५ ची. तिथल्या तपासणीत कमी भरू नये म्हणून स्विस कारागीर जरा जास्तच घालत. म्हणजे माल बहुधा ब्रिटनच्या बाजारासाठी. १ जून १९०७ पासून बाहेरून येणाऱ्या घड्याळाच्या केसवर तिथल्या तपासणी कार्यालयाचा शिक्का सक्तीचा झाला. त्या शिक्क्यांत एक सुटं इंग्रजी अक्षर शोधा. ते दरवर्षी बदलायचं. मात्र लंडन, बर्मिंगहॅम, ग्लासगो या प्रत्येकाची अक्षरमाला वेगळी, म्हणून आधी कार्यालयाची खूण ओळखायची, मग अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकट तक्त्याशी ताडायची. अक्षर वर्षाच्या मध्येच बदलत असल्याने उत्तर १९१६-१७ असं जोडसालात येईल.

३/२७ ही दुरुस्ती करणाऱ्या घड्याळजीची खूण दिसते. मार्च १९२७ असेल तर घड्याळ त्याआधीचं. पण काहीजण वहीतला नोंद क्रमांकही असाच टाकत, तेव्हा त्यावर सगळी भिस्त नको.

तबकडी कोरी म्हणून नकली समजू नका. ब्रिटनमधले दुकानदार तेव्हा कारखान्याचं नाव नको म्हणत. स्वतःचं घालत किंवा काहीच नाही.

मशीन घड्याळजीकडूनच उघडून घ्या. बॅलन्स व्हीलच्या (मागेपुढे फिरणाऱ्या चाकाच्या) आसपास छोटा ट्रेडमार्क असेल तर मशीन कुणाचं ते कळेल. तिथे इन्काब्लॉकसारखी धक्का झेलणारी स्प्रिंग दिसली, तर मशीन नंतर बदललेलं आहे. ती १९३० च्या दशकातली.

आणि तो तपकिरी रंग खरवडू नका, फुंकरही मारू नका. तो बहुधा किरणोत्सर्गी रेडियमचा आहे. अंधारात चमकत नाही याचा अर्थ रेडियम संपलं असा नाही. मेलेला असतो तो त्यातला चमकणारा पदार्थ, झिंक सल्फाइड. रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं. घड्याळजीलाही उघडण्याआधी सांगा.

शिक्क्यांचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि उजेड एका बाजूने पडू द्या, अक्षराची कड उठून दिसते.