सेल्फ फिरतो, पण गाडी स्टार्ट घेत नाही

प्रश्न : आमची २०१३ सालची पेट्रोल गाडी आहे. मे महिन्यात सावंतवाडीहून आजऱ्याला माहेरी निघालो होतो. घाट चढून आंबोलीत चहाला थांबलो. वीसेक मिनिटांनी परत येऊन बसलो, तर सेल्फ नेहमीसारखा फिरतोय, पण इंजिन काही केल्या सुरू होईना. पाऊण तासाने आपोआप सुरू झालं आणि घरापर्यंत काही त्रास नाही. त्यानंतर असं तीनदा झालं. सकाळी मात्र एका झटक्यात स्टार्ट होते. आधी बॅटरी बदलली, मग प्लग, मग टाकीतला पेट्रोल पंप. एवढा खर्च करूनही गेल्या रविवारी पुन्हा तेच. आता इंजिन खोलावं लागेल म्हणतात. खोलू का?
— एक शिक्षिका, सावंतवाडी

उत्तर : ताई, इंजिन खोलू देऊ नका. सकाळी एका झटक्यात सुरू होणारं, आंबोलीचा घाट चढून जाणारं इंजिन आतून गेलेलं नसतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, गेलं असतं तर गाडीने घाटातच मान टाकली असती. बॅटरीचाही दोष नव्हता. बॅटरी उतरली की सेल्फ जड फिरतो, नाहीतर नुसता टक्-टक् आवाज येतो. तुमचा नेहमीसारखा फिरतोय, हे तुम्हीच लिहिलंय.

माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ती ‘वीस मिनिटं’ आणि तो ‘पाऊण तास’. तापलेली गाडी बंद करून थोडी उभी ठेवली की अडते, गार झाली की चालते. अशा वेळी माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर जातो.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टबरोबर, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याबरोबर, एक दातेरी चकती फिरते. तिच्याजवळ अंगठ्याएवढा हा सेन्सर बसवलेला असतो. दात समोरून गेले की तो गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, इंजिन फिरतंय आणि नेमकं कुठे आलंय ते कळवतो. बऱ्याच सेन्सरमध्ये केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. ते जुनं झालं की तापल्यावर आत कुठेतरी तार सुटते आणि निवल्यावर पुन्हा टेकते. गंमत अशी की गाडी चालू असताना पंखा, पाणी, समोरचा वारा सगळे मिळून उष्णता काढून नेत असतात. इंजिन बंद केलं की ते थांबतं आणि लोखंडात साठलेली धग बाहेर येते. म्हणून चालत्या गाडीपेक्षा बंद केल्यावरच्या त्या पंधरा-वीस मिनिटांत सेन्सरला जास्त भाजतं. तुमचा चहा नेमका तेवढाच वेळ चालला.

आता पंप का बदलला गेला, तेही सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. चावी ऑन केली की पंप दोनेक सेकंद घूं करतो आणि थांबतो. पुढे सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतंय असा निरोप ईसीएमला मिळाला, तरच तो पंपाला पुन्हा करंट देतो. सेन्सर गप्प असेल तर ईसीएमच्या लेखी इंजिन उभंच आहे. मग पंप नाही, इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर नाही, प्लगला ठिणगीही नाही. मेकॅनिकने सेल्फ मारताना टाकीकडे कान लावला असणार, आवाज आला नाही, आणि पंपावर शिक्का बसला. २००९ साली कोल्हापुरात माझ्या गॅरेजमध्ये एका दूधवाल्याच्या गाडीला मी असाच नवा पंप घातला होता. आठवड्यात तो माणूस परत आला. त्याचे पैसे मी परत दिले, पण त्याच्या फुकट गेलेल्या सकाळच्या फेऱ्या कशा भरून देणार होतो? त्या दिवसापासून पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकदम बंद दिसले, तर आधी सेन्सर बघायचा, असं ठरवलं.

तुम्ही घरीच एक करा. सकाळी थंड गाडीला सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. फिरताना काटा किंचित, दोनशेच्या आसपास उचलतो. पुढच्या वेळी गाडी अडेल तेव्हा तसाच व्हिडिओ काढा. सकाळी उचलणारा काटा आता शून्यावर मेल्यासारखा पडून असेल, तर चोर सापडला. (काही गाड्यांत सेल्फच्या वेळी काटा कधीच हलत नाही, म्हणून सकाळचा व्हिडिओ हवाच.) मग दोन्ही व्हिडिओ मेकॅनिकला दाखवा आणि गाडी गरम, अडलेली असतानाच स्कॅनर, म्हणजे ईसीएममधली माहिती वाचणारं यंत्र, लावायला सांगा. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसेल. ‘पी ०३३५’ हा क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा कोड ईसीएममध्ये मिळाला तर उत्तमच, पण तो नेहमी साठतोच असं नाही, म्हणून कोड नाही म्हणजे सेन्सर चांगला, असं म्हणू देऊ नका. त्यांनी सेन्सरवर गार पाण्याचा फडका धरला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर शंकाच उरत नाही.

नवा सेन्सर घालण्याआधी त्याचं कनेक्टर आणि वायर मात्र नीट बघायला सांगा. तेल झिरपून कनेक्टर खराब होतं, आणि कोकणात उंदरांनी वायर कुरतडलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. सेन्सर चांगल्या कंपनीचाच घ्या. पंपाच्या मानाने तो बराच स्वस्त पडतो. गरम असतानाही काटा उचलत असेल, तर मात्र माझा अंदाज चुकला. तेव्हा आधी ठिणगी आणि प्लगला ठिणगीचा करंट देणारी इग्निशन कॉइल तपासा, मग पेट्रोलच्या लाइनला गेज लावून प्रेशर बघा.

गाडी अडली की एका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फची मोटर जळेल. आणि हे काम होईपर्यंत आजऱ्याला एसटीने जा. हाच सेन्सर चालत्या गाडीतही दगा देऊ शकतो. घाटाच्या वळणावर इंजिन बंद पडलं तर स्टेअरिंग जड होतं आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा लागतो.