खोका की नग, ते आधी ठरवा

प्रश्न : ताई, आम्ही चादरी आणि उशांचे अभ्रे बनवतो. एका मोठ्या रिटेल साखळीला माल जातो. त्यांची ऑर्डर पोर्टलवर येते, ती आम्ही उतरवून घेतो, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल करतो आणि तेच बिल पुन्हा पोर्टलवर टाइप करतो. रोज तीस-चाळीस बिलं होतात. आता यापुढे ईडीआयनेच, म्हणजे ठरावीक साच्यातल्या फाइलींनी थेट संगणकातून संगणकात, बिलं पाठवा, असं त्यांनी कळवलं आहे. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

उत्तर : सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी तुमचा आयटम मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली मालाची यादी, उघडा आणि प्रत्येक ओळीत एकक काय लिहिलंय ते तपासा. खोका की नग?

हे मी इतक्या आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. एका पुरवठादाराकडे मी ही व्यवस्था लावून दिली होती. ऑर्डर आली ४० खोक्यांची, एका खोक्यात १२ नग. गोदामाने पाठवणीची नोंद केली ४८० नग. मास्टरमध्ये भाव मात्र खोक्याचा. बिल गेलं ते ४८० गुणिले खोक्याचा भाव, म्हणजे बारापट रकमेचं. हाताने बिलं करणाऱ्या बाईंच्या हे लगेच लक्षात आलं असतं. प्रोग्रामला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. रिटेलरकडून ९९७ हा पोचपावतीचा संदेश आला, त्यात ‘स्वीकारलं’ असं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. पैसे यायची तारीख उलटल्यावर चौकशी केली, तेव्हा कळलं की बिल अडकून पडलंय.

९९७ फक्त एवढंच सांगतो की फाइलची रचना नियमाप्रमाणे आहे. बिल मंजूर झालं असा त्याचा अर्थ होत नाही. खरी तपासणी त्यानंतर होते. रिटेलरची यंत्रणा ऑर्डर, प्रत्यक्ष मिळालेला माल आणि बिल हे तिन्ही ओळीओळीने ताडून पाहते. एका ओळीत फरक निघाला तरी अख्खं बिल थांबू शकतं.

म्हणून बिल टाइप करायचंच नाही, ते ऑर्डर आणि पाठवणी यांतून तयार झालं पाहिजे. एक्स१२ या ईडीआयच्या पद्धतीत प्रत्येक कागदाला क्रमांक असतो : ऑर्डर ८५०, पाठवणीची आगाऊ सूचना ८५६ आणि बिल ८१०. एडिफॅक्ट या दुसऱ्या पद्धतीत हेच कागद ऑर्डर्स, डेसॅडव्ह आणि इन्व्हॉइक. ऑर्डर नंबर, ओळ क्रमांक आणि भाव ८५० मधून जसेच्या तसे उचला. संख्या मात्र ८५६ मधूनच घ्या. ऑर्डर ४० ची असली आणि गाडीत ३८ चढले, तर बिल ३८ चंच. नग आणि खोका यांचे जीटीआयएन, म्हणजे मालाचे ओळखक्रमांक, वेगळे असतात, दोन्ही मास्टरमध्ये हवेत. माल कुठे उतरायचा आणि बिल कोणाच्या नावे, यांचे १३ अंकी जीएलएन, म्हणजे ठिकाणांचे ओळखक्रमांक, हेही वेगळे असू शकतात.

एक बारीक गोष्ट, कारण पहिल्याच चाचणीत पुष्कळजण इथे अडतात. ८१० मध्ये ओळीतला भाव दशांशचिन्हासह लिहितात, पण शेवटाकडे येणाऱ्या टीडीएस नावाच्या ओळीतल्या (हा करकपातीचा टीडीएस नव्हे) एकूण रकमेत ते चिन्ह नसतं, शेवटचे दोन अंक दशांश धरले जातात. १२३४.५६ ही रक्कम तिथे १२३४५६ अशी जाते.

आता सॉफ्टवेअर. दोनच रिटेलर असतील तर ईडीआय सेवा देणाऱ्या मध्यस्थाकडून काम करून घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. थेट एएस२ जोडणी (इंटरनेटवरून सुरक्षितपणे फाइल पाठवायची पद्धत) करायची तर सर्टिफिकेटं सांभाळायला आणि सर्व्हर अहोरात्र चालू ठेवायला माणूस लागतो. मध्यस्थ निवडताना त्याला एकच गोष्ट विचारा : नाकारलेलं बिल आम्हाला कुठे आणि किती वेळात दिसेल? पोचपावती तीन पातळ्यांवर येते. एमडीएन म्हणजे फाइल पोचली. ९९७ म्हणजे रचना ठीक आहे. ८२४ आला तर त्यातल्या मजकुराबद्दल काही म्हणणं आहे. ८२४ प्रत्येक रिटेलर पाठवतोच असं नाही, म्हणून देय तारखांची यादी रोज बघायचं काम एका माणसाच्या नावावर टाका. टायपिंगमधून मोकळ्या झालेल्या तुमच्या माणसालाच ते द्या, चुका त्यालाच ओळखता येतात.

बिल नाकारलं गेलं तर दुरुस्त करून त्याच नंबराने पुन्हा पाठवायचं की नव्या, हे रिटेलरच्या मार्गदर्शिकेत बघा. अंदाजाने पाठवलंत तर ते दुबार ठरून पुन्हा परत येईल.

प्रश्न : आम्ही बिलाची पीडीएफ मेलने पाठवतो. हेही इलेक्ट्रॉनिक बिलच ना?

उत्तर : या अर्थाने नाही. पीडीएफ माणसाने वाचायची असते. तिकडे कोणीतरी ती बघून आकडे पुन्हा भरतो, किंवा एखादा प्रोग्राम ते ओळखायचा प्रयत्न करतो. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशातही इलेक्ट्रॉनिक बिलाची व्याख्या अशीच आहे : यंत्राला आपोआप प्रक्रिया करता येईल अशा बांधीव स्वरूपात ते हवं. फॅक्टुर-एक्ससारख्या पद्धतीत पीडीएफच्या पोटात प्रोग्रामला वाचता येणारी एक्सएमएल फाइल असते. तुमचा ग्राहक ती स्वीकारत असेल, तर तुमच्यासाठी तो सोपा रस्ता आहे. आधी त्यांच्या हिशेब विभागाला विचारून घ्या.