खाकी अंगावर घालण्याआधी

प्रिय कॅडेट,

काल एनसीसीच्या स्टोअरमधून मिळालेली खाकी तू दाखवलीस तेव्हा तुझा चेहरा उतरला होता. शर्टाचे खांदे लोंबत होते, पँट कमरेत सैल होती. टेलरकडे जरूर जा, पण कापड कापू देऊ नकोस. जादा कापड आत दाबात ठेवून टीप मारायला सांग. हा युनिफॉर्म तुला परत जमा करायचा आहे, आणि तुझ्यानंतरची मुलगी अंगाने मोठी असू शकते. कॉलरच्या आत एक पुसट नंबर दिसेल. तो घासून काढू नकोस. त्याच्याखाली तुझा लिही.

धुण्याआधी नेमप्लेट, बिल्ले, खांद्यावरचे टायटल सगळं काढून ठेव. पितळ ओलं राहिलं की कापडावर डाग पडतो आणि तो सहसा जात नाही. खाकी वेगळी धू, उलटी करून सावलीत वाळव. सुती असेल तर पातळ खळ दे. टेरीकॉटला खळ लागत नाही, वर ओलं फडकं टाकून इस्त्री कर. पँटीच्या चारही शिवणी एकावर एक जुळल्याशिवाय इस्त्री टेकवू नकोस, नाहीतर एका पायावर दोन घड्या उमटतात आणि फॉलिन झाल्यावर, म्हणजे रांगेत उभं राहिल्यावर, सगळ्यात आधी त्याच दिसतात.

बुटांबद्दल मात्र सविस्तर लिहिते. आपल्याकडे १५ ऑगस्टची परेड बहुतेक वेळा चिखलातच होते. मी दुसऱ्या वर्षाला असताना १४ तारखेच्या सरावात बूट भिजले आणि घाईत मी ते शेगडीजवळ ठेवले. सकाळी चामडं तडकलं होतं. त्यावर कितीही पॉलिश थापलं तरी भेगा दिसतच होत्या. झेंडावंदन चालू असताना माझी नजर समोर हवी होती, ती सारखी पायांकडे जात होती. त्या दिवसाचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंब, ते ओले झाले की बदल, आणि बूट पंख्याखाली ठेव. पूर्ण वाळल्यावर जुन्या टूथब्रशने तळ आणि चामडं यांमधली माती काढ. मग पॉलिशचा अगदी पातळ हात दे, ओलसर कापूस बोटाला गुंडाळून लहान लहान गोल फिरव, थांब, पुन्हा दे. पहिल्या दिवशी चमक येणार नाही. आठवडाभर रोज दहा मिनिटं दिलीस तर टोकाला तुझा चेहरा दिसेल.

बक्कल घासताना मागे पुठ्ठा सरकव, म्हणजे पितळ चमकवायचं ब्रासो पट्ट्याला लागणार नाही. घरातल्या घागरीसारखी चिंच लावलीस तरी चालेल, पण लगेच धुऊन कोरडं कर, नाहीतर हिरवं चढतं. शर्टाची बटणपट्टी, बक्कल आणि पँटीची चेन एका सरळ रेषेत हवी. केसांचा घट्ट अंबाडा, काळी जाळी, काळ्या पिना. लोंबतं कानातलं नको.

परेड संपल्यावर वरचं बटण उघडून, टोपी खिशात कोंबून वडापावच्या गाडीवर उभी राहू नकोस. हे मी कडकपणे सांगते आहे. भूक लागते हे मला माहीत आहे, तू खा, पण नीटनेटकी राहून खा. एनसीसी १९४८ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, मुलींचा विभाग आला. तेव्हापासून ज्या मुली वर्दीत रस्त्यावर उतरल्या त्यांच्याकडे लोकांनी टक लावून पाहिलं असेल, आणि तरी त्या ताठ चालल्या. आज त्याच रांगेत तू उभी आहेस. आणि हो, डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट करायचा नाही, सावधान उभं राहून ‘जय हिंद’ म्हणायचं.

बेरे कॅप, म्हणजे युनिफॉर्मची गोल मऊ टोपी, मात्र एकटीने करायला घेऊ नकोस. ती कोमट पाण्यात भिजवून, पिळून, डोक्यावर घालूनच आकारात आणावी लागते: पट्टी भुवयांच्या वर आडवी, बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर, कापड उजवीकडे ओढलेलं. आणि वाळेपर्यंत तशीच बसायचं. हॅकल, म्हणजे टोपीवरचा तुरा, आधी काढून ठेव. रविवारी सकाळी घरी ये, येताना टॉवेल आण.

तुझी सीनियर ताई